व्याज टाळून वाढणारी बचत

व्याज घ्यावयाचे नाही, असा निश्चय ज्याच्या श्रद्धेने केलेला आहे, त्याच्या बचतीचा प्रश्न आपल्या देशात इतरांच्या बचतीच्या प्रश्नाहून बराच बिकट आहे; कारण मुदत ठेव, पोस्टाची बचतपत्रे, सरकारी कर्जरोखे आणि प्रचलित पद्धतीचा जीवनविमा ही सर्वसामान्य मध्यमवर्गीयाच्या पुंजीची जी परंपरागत आश्रयस्थाने, त्या सर्वांच्या मुळाशी व्याजच आहे. त्यामुळे अनेक मुसलमान कुटुंबांत शिल्लक पडलेला पैसा पिढ्यानपिढ्या सोने, जमीन आणि भिशी याच वाटांनी गेला. खेड, दापोली, महाड, श्रीवर्धन या भागांतील ज्या घरांची कर्ती माणसे आखाती देशांत नोकरीस राहिली, त्या घरांतही असेच घडले. आणि बचत खात्यावर आपोआप जमा होणारे व्याज दरसाल वेगळे काढून गरजूंना देऊन टाकणारी माणसे तर आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीत असतील. परंतु सोन्याला उत्पन्न नाही, जमिनीचा तुकडा गरजेपुरता मोडून विकता येत नाही, आणि भिशीत पैसा फिरतो, वाढत नाही. नोकरीस नुकताच लागलेला, महिन्याकाठी चार-पाच हजार रुपये बाजूस टाकू शकणारा तरुण किंवा तरुणी जेव्हा ‘हलाल फंड’ हे शब्द प्रथम ऐकते, तेव्हा तिच्यापुढे एक नवी वाट उघडते, आणि तिच्याबरोबर कित्येक नवे प्रश्नही उभे राहतात. त्या प्रश्नांची उकल नावांच्या यादीने होण्यासारखी नसून, त्या फंडांची घडण समजून घेतल्यानेच होण्यासारखी आहे.

आरंभ मूळ तत्त्वापासून केला पाहिजे. इस्लामी धर्मशास्त्राने व्यापाराला आणि नफ्याला कधीच प्रतिबंध केलेला नाही. निषिद्ध मानला आहे तो रिबा, म्हणजे कर्जाऊ दिलेल्या रकमेवर, व्यवहाराच्या यशापयशाशी संबंध न ठेवता, आगाऊ ठरवून घेतलेला वाढावा. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम अशी भागीदारी मुदारबा या नावाने, आणि उभयतांचे भांडवल असलेली भागीदारी मुशारका या नावाने शास्त्रकारांनी प्राचीन काळापासून मान्य केली आहे. नफ्याचे प्रमाण आधी ठरविता येते, नफ्याची रक्कम मात्र ठरविता येत नाही, आणि नुकसान आले तर भांडवल घालणाऱ्याने ते सोसावयाचे असते. कंपनीचा भागधारक हा याच भागीदाराच्या जातीचा असल्यामुळे विसाव्या शतकातील बहुसंख्य विद्वानांनी समभागांची खरेदी, काही अटींवर, वैध ठरविली. याचा अर्थ असा की, हलाल गुंतवणुकीची वैधता जोखमीच्या वाटणीवरच उभी आहे. ज्याला जोखीम काढून टाकलेली हलाल गुंतवणूक हवी आहे, तो शास्त्राने जे नाकारले तेच निराळ्या नावाने मागत असतो.

ही गोष्ट प्रथम सांगण्याचे कारण निव्वळ तात्त्विक नाही. ‘हलाल’ हा शब्द दारावर लावून दरमहा ठराविक रक्कम देण्याचे आश्वासन देणाऱ्या पेढ्यांनी आपल्या देशात श्रद्धाळू माणसांची फार मोठी हानी केली आहे. बंगळूरच्या आय-मॉनिटरी अ‍ॅडव्हायजरी या पेढीचे प्रकरण २०१९ सालच्या जूनमध्ये उघडकीस आले, तेव्हा हजारो कुटुंबांनी पोलिसांकडे तक्रारी गुदरल्या. पेढीचा प्रमुख देश सोडून गेला, पुढच्याच महिन्यात परतल्यावर त्याला अटक झाली, आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्या पेढीत मुलीच्या लग्नासाठी, हजसाठी, म्हातारपणासाठी साठविलेले पैसे गुंतलेले होते. या माणसांनी धर्म सोडला नव्हता, लोभही विशेष केला नव्हता. बँकेची वाट बंद असलेल्या माणसाला व्याजासारखीच नियमित प्राप्ती धर्माच्या मुद्रेसह मिळते असे सांगितले गेले, आणि ती प्राप्ती कोणत्या व्यापारातून येते याची रुजुवात करण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. नव्या गुंतवणूकदाराने यावरून एक कसोटी मनाशी पक्की बांधावी: परतावा निश्चित आहे असे जो म्हणतो, त्याच्याकडचा पैसा एक तर व्याज आहे किंवा फसवणूक आहे, आणि दोहोंपैकी काहीही असले तरी तो हलाल नाही. दुसरी कसोटी कायद्याची आहे. म्युच्युअल फंड हा सेबी या बाजाराच्या नियामक संस्थेकडे नोंदलेला असतो, त्याची मालमत्ता विश्वस्तांच्या नावे व स्वतंत्र अभिरक्षकाच्या ताब्यात असते, आणि त्याने कोणत्या कंपनीचे किती समभाग धरले आहेत याचे विवरण दरमहा प्रसिद्ध करणे त्याला बंधनकारक असते. असे विवरण जिथे मिळत नाही, तिथे पुढे एक पाऊलही टाकू नये.

व्याजाविना सामुदायिक बचतीची कल्पना तशी अर्वाचीन आहे. इजिप्तमधील मीत गम्र या गावी अहमद अल-नज्जार यांनी १९६३ साली शेतकऱ्यांसाठी बिनव्याजी बचतपेढी काढली, आणि त्याच वर्षी मलायात हजला जाणाऱ्यांच्या बचतीसाठी पुढे ‘ताबुंग हाजी’ या नावाने विख्यात झालेली संस्था अस्तित्वात आली. अमेरिकेत अमाना हा फंड १९८६ पासून चालत आहे. आपल्याकडे बिनव्याजी बँकिंगचा विचार रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ साली अनुकूलपणे मांडला होता. परंतु रिझर्व्ह बँकेने २०१७ साली तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरविले. स्टेट बँकेच्या म्युच्युअल फंडाने शरिया समभाग योजना २०१४ च्या डिसेंबरात खुली करण्याची तजवीज केली होती, तीही ऐन वेळी स्थगित झाली. बँकेचा मार्ग असा खुंटलेला असताना समभागांचा मार्ग मात्र खुलाच राहिला, कारण त्यासाठी वेगळा कायदा करण्याची गरज नव्हती. कंपन्यांची निवड कोणत्या नियमांनी करावयाची एवढाच प्रश्न होता.

ती निवड करणारी चाळणी दोन पदरी असते. पहिला पदर व्यवसायाचा. व्याजावर चालणाऱ्या बँका व वित्तसंस्था, प्रचलित विमा, मद्य, तंबाखू, जुगार, डुकराचे मांस, अश्लील करमणूक, यांतून उत्पन्न मिळविणाऱ्या कंपन्या इथेच गळतात. हा भाग समजण्यास सोपा आहे आणि त्याबद्दल फारसा मतभेदही नाही. दुसरा पदर ताळेबंदाचा, आणि खरी चर्चा तिथे आहे. औषधे करणारी किंवा सिमेंट करणारी कंपनी निषिद्ध व्यवसाय करीत नाही हे खरे; परंतु ती बँकेकडून सव्याज कर्ज घेते, पडून असलेली रोकड ठेवींत ठेवून त्यावर व्याज मिळवते, आणि आजच्या जगात या दोन्ही गोष्टींपासून संपूर्णपणे अलिप्त असलेली मोठी कंपनी जवळजवळ सापडत नाही. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९२ साली मूळ दंडक स्पष्ट सांगितला, तो असा की, जी कंपनी अधूनमधूनही व्याजाचा व्यवहार करते, तिचे समभाग घेणे तत्त्वतः वर्ज्य आहे. आजही काही विद्वान याच मतावर ठाम आहेत, आणि ज्याची श्रद्धा त्या मताशी बांधलेली असेल, त्याच्यासाठी पुढील सर्व विवेचन निरुपयोगी आहे; त्याने सोने, जमीन किंवा स्वतःचा व्यापार यांतच राहावे. तथापि पाकिस्तानातील मुफ्ती तकी उस्मानी यांच्यासारख्या अधिकारी विद्वानांनी दुसरी बाजू मांडली: मुख्य व्यवसाय वैध असेल, व्याजाचा संसर्ग अल्प असेल, भागधारकाने त्या संसर्गाला संमती दिलेली नसून उलट नापसंती नोंदविली असेल, आणि लाभांशातील तेवढा अंश त्याने दान करून टाकला, तर अशा कंपनीत भागीदार होण्यास हरकत नाही. जगातील बहुतेक हलाल फंड या दुसऱ्या मतावर उभे आहेत.

आता ‘अल्प’ म्हणजे किती? बहारिनमधील आयोफी या १९९१ पासून कार्यरत असलेल्या मानक संस्थेने कर्जासाठी बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांची, आणि निषिद्ध उत्पन्नासाठी एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. डाऊ जोन्सच्या १९९९ साली निघालेल्या इस्लामी निर्देशांकाने एक तृतीयांशाचे प्रमाण स्वीकारले. मृत्युपत्राने द्यावयाच्या मालमत्तेला जी एक तृतीयांशाची मर्यादा हदीसमध्ये आहे, तिच्यावरून हे प्रमाण अनुमानाने काढले जाते. आपल्याकडे मुंबईची ‘तासिस’ ही शरिया सल्लागार संस्था जी चाळणी वापरते, ती अधिक काटेकोर आहे: सव्याज कर्ज एकूण मालमत्तेच्या २५ टक्क्यांहून अधिक नसावे, व्याजाचे उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत असावे, आणि येणे रकमा व रोकड मिळून एकूण मालमत्तेच्या ९० टक्क्यांपलीकडे जाऊ नये. ही तिसरी अट वरवर पाहता अनाकलनीय वाटते; तिचे मर्म असे की, पैशाचा पैशाशी विनिमय समान रकमेनेच करावा असा शास्त्राचा नियम असल्यामुळे, जिच्यापाशी रोख आणि उधारी यांखेरीज दुसरे काहीच नाही अशा कंपनीचा समभाग कमीजास्त भावाने घेणे म्हणजे पैशानेच पैसा विकत घेणे होय.

या प्रमाणांत टक्केवारीपेक्षाही महत्त्वाचा आहे तो छेद, म्हणजे कर्ज कशाच्या प्रमाणात मोजावयाचे तो आकडा. आणि नवख्या माणसाचे लक्ष नेमके इथेच जात नाही. समजा, एका कंपनीची एकूण मालमत्ता १,००० कोटी रुपयांची आहे, तिच्यावर ३०० कोटींचे सव्याज कर्ज आहे, आणि शेअर बाजारात तिचे मोल ३,००० कोटी आहे. मालमत्तेच्या मापाने तिचे कर्ज ३० टक्के भरते आणि भारतीय चाळणीत ती अडकते. बाजारमूल्याच्या मापाने तेच कर्ज अवघे १० टक्के ठरते आणि ती सहज पार होते. पुढे मंदी येऊन तिचे बाजारमूल्य ८०० कोटींवर उतरले, तर तिने एक रुपयाचेही नवे कर्ज घेतले नसताना ते प्रमाण साडेसदतीस टक्क्यांवर जाते आणि काल जी वैध होती ती आज अवैध ठरते. हा विपर्यास सौम्य व्हावा म्हणून परदेशी निर्देशांक दोन किंवा तीन वर्षांचे सरासरी बाजारमूल्य धरतात. तरीही तेजीच्या दिवसांत चाळणीची भोके रुंदावतात हे नाकारता येत नाही. माझ्या मते मालमत्तेवर आधारलेले माप अधिक स्थिर व अधिक प्रामाणिक आहे, कारण कर्जाचा बोजा कंपनीच्या दप्तरावरून ठरावा, बाजारातील लोकांच्या उत्साहावरून ठरू नये. परंतु माझे मत काहीही असो, ज्या फंडात पैसे घालावयाचे त्याची चाळणी कोणाची, तिचा छेद कोणता, आणि निवड किती काळाने पुन्हा तपासली जाते, या तीन गोष्टी योजनेच्या माहिती दस्तऐवजात वाचल्याखेरीज ‘हलाल’ या शब्दाला काही निश्चित अर्थ येत नाही. आपल्या विश्वासातील मुफ्तींना प्रश्न विचारावयाचा तोही याच स्वरूपात विचारावा. ‘म्युच्युअल फंड चालतो का?’ या प्रश्नाचे उत्तर कोणीही विद्वान प्रामाणिकपणे एका शब्दात देऊ शकणार नाही.

चाळणीतून जे उरते, त्याचा आकार मूळ बाजारापेक्षा पुष्कळ निराळा असतो. निफ्टी ५० निर्देशांकात बँका आणि वित्तसंस्था यांचा वाटा सुमारे एक तृतीयांश असतो. तो सगळाच्या सगळा नाहीसा होतो. आयटीसीसारखी तंबाखूची कंपनी जाते. ज्या उद्योगांना स्वभावतःच मोठे कर्ज लागते, उदाहरणार्थ वीज, पोलाद, रस्तेबांधणी, त्यांतील पुष्कळशा कंपन्या दुसऱ्या पदरात गळतात. राहतात त्या प्रामुख्याने माहिती-तंत्रज्ञान, औषधे, साबण-तेल-खाद्यपदार्थ अशा नित्योपयोगी वस्तू, वाहने, रसायने आणि यंत्रसामग्री या क्षेत्रांतील कमी कर्जाच्या कंपन्या. कमी कर्ज हा एरवीही सद्गुणच. संकटकाळात सावकार दाराशी बसलेला नसल्यामुळे अशा कंपन्या सहसा तग धरतात. परंतु थोड्याच क्षेत्रांवर भार एकवटल्यामुळे या फंडांची चाल बाजाराच्या चालीशी जुळत नाही. २०२० साली, साथीच्या वर्षात, औषधांचा आणि माहिती-तंत्रज्ञानाचा निर्देशांक प्रत्येकी पन्नास टक्क्यांहून अधिक वर गेला आणि बँकांचा निर्देशांक वर्षाअखेर किंचित खालीच राहिला. हलाल फंड घेणाऱ्यांना त्या वर्षी आपल्या निवडीचे फार समाधान वाटले असणार. दोनच वर्षांनी, २०२२ साली, माहिती-तंत्रज्ञानाचा निर्देशांक सुमारे एक चतुर्थांशाने घसरला, आणि निफ्टी मात्र थोडा वर जाऊन थांबला. या दोन वर्षांपैकी कोणत्याही एकाच वर्षाचे आकडे पाहून जो निर्णय घेईल, त्याचा निर्णय चुकेल. शेजाऱ्याच्या साध्या फंडाशी आपल्या फंडाची तुलना करून खिन्न होण्यातही अर्थ नाही. टाटा एथिकल फंडाचा मानदंड निफ्टी ५०० शरिया हा निर्देशांक आहे, आणि कोणत्याही हलाल फंडाचे यशापयश अशाच मानदंडाशी, पाच-सात वर्षांच्या टप्प्यांनी ताडून पाहिले पाहिजे.

भारतात प्रत्यक्ष निवड करावयाची ती मोजक्याच योजनांतून. टाटा एथिकल फंडाचा उगम १९९६ सालचा असून तो या वर्गातील सर्वांत मोठा आहे. टॉरस एथिकल फंड आणि आज निप्पॉन इंडियाच्या नावाने चालणारा निफ्टी ५० शरिया बीज हा ईटीएफ, हे दोन्ही २००९ सालचे. आणि क्वांटम एथिकल फंड २०२४ च्या डिसेंबरात आला. पैकी ईटीएफ हा निर्देशांकाचे निमूट अनुसरण करतो. त्यात व्यवस्थापकाच्या बुद्धीवर विसंबावे लागत नाही आणि खर्चही तुलनेने कमी असतो, हे त्याचे गुण. परंतु मुळातील पन्नास कंपन्यांपैकी निम्म्याहून अधिक गळून गेल्यावर उरलेल्यांत चार-सहा बड्या कंपन्यांचेच वजन फार होते, त्याची खरेदी-विक्री शेअर बाजारातच डीमॅट खात्यामार्फत करावी लागते, आणि उलाढाल थोडी असल्यामुळे बाजारातला भाव त्याच्या खऱ्या मालमत्ता मूल्यापासून कधी वर तर कधी खाली असतो. ज्याने पूर्वी कधी समभाग घेतलेला नाही, त्याने इथून आरंभ करू नये असे मला वाटते. इतर तिन्ही योजना व्यवस्थापकाने चालविलेल्या असून त्यांना पाचशे कंपन्यांच्या विस्तृत क्षेत्रातून किंवा त्याहूनही बाहेरून निवड करता येते, महिन्याला ठराविक हप्ता भरता येतो, आणि युनिटे मोडावयाची झाल्यास फंडच ती परत घेतो. या तिघांतून एकाची निवड करताना मासिक विवरणातील पहिल्या दहा कंपन्या आणि त्यांचे एकत्रित वजन पाहावे, कारण दोन फंडांत त्याच दहा कंपन्या असतील तर दोन्ही घेऊन वैविध्य येत नाही. शिल्लक रोकड फंड कुठे ठेवतो, हेही त्याच विवरणात पाहावे. सामान्य फंड आपली पडून असलेली रक्कम एक-दोन दिवसांच्या सव्याज व्यवहारांत गुंतवतात. हलाल म्हणविणाऱ्या फंडाने ती बिनव्याजी ठेवली आहे की नाही, यावर त्याच्या निष्ठेची पारख होते.

खर्चाचा विचार लोक शेवटी करतात आणि तो आधी करावयास हवा. २०१३ सालापासून प्रत्येक योजनेचे दोन प्रकार असतात: दलालाच्या मार्फत घ्यावयाचा, ज्यात त्याची दलाली फंडाच्या मूल्यातून दररोज वजा होत राहते, आणि थेट फंडाकडून घ्यावयाचा डायरेक्ट प्रकार, ज्यात ती नसते. दोहोंतील अंतर साधारणपणे वर्षाला एक टक्क्याच्या आसपास धरले, आणि उदाहरणादाखल (आश्वासन म्हणून मुळीच नव्हे) बारा टक्के वार्षिक वाढ कल्पिली, तर दरमहा ५,००० रुपये याप्रमाणे वीस वर्षे भरलेले १२ लाख रुपये एका बाजूला सुमारे ५० लाख होतात, आणि अकरा टक्क्यांनी ४३ लाख ७० हजारांच्या जवळपास थांबतात. सव्वासहा लाखांचा हा फरक कोणत्याही दिवशी डोळ्यांना दिसत नाही. ज्याला खरोखर सल्ल्याची गरज आहे त्याने दलाली अवश्य द्यावी, पण मिळणारा सल्ला तेवढ्या मोलाचा आहे ना, हे दरसाल विचारावे. प्राप्तिकराची बाब थोडक्यात अशी की, समभाग फंडाची युनिटे वर्षभराहून अधिक काळ ठेवल्यास एका आर्थिक वर्षातील सव्वा लाखावरील नफ्यावर साडेबारा टक्के, आणि वर्षाच्या आत विकल्यास वीस टक्के कर, असे २०२४ च्या जुलैपासूनचे दर आहेत.

या मार्गातील सर्वांत मोठी उणीव माझ्या दृष्टीने निराळीच आहे. इतर गुंतवणूकदार आपल्या पुंजीचा काही भाग समभागांत आणि काही भाग ठेवी-रोख्यांत ठेवून पडझडीचा धक्का सौम्य करतो. हलाल गुंतवणूकदाराला ही दुसरी बाजूच उपलब्ध नाही. मलेशियात आणि आखाती देशांत मालमत्तेवर आधारलेले सुकूक नावाचे दस्तऐवज ही गरज भागवितात. भारतात सामान्य गुंतवणूकदाराला ते मिळत नाहीत. त्यामुळे इथे हलाल फंड घेणारा मनुष्य संपूर्णपणे समभागांच्या चढउतारावर स्वार झालेला असतो, आणि सेबीच्या नियमाने योजनेवर छापलेला ‘अतिशय उच्च जोखीम’ हा शेरा त्याने अक्षरशः खरा मानला पाहिजे. सहा महिन्यांचा घरखर्च चालू खात्यात किंवा बचत खात्यात, तिथले व्याज वेगळे काढण्याची सवय ठेवून, बाजूस टाकल्याशिवाय या वाटेला जाऊ नये; तीन-चार वर्षांत लागणारा लग्नाचा, घराच्या इसाऱ्याचा किंवा हजचा पैसा इथे ठेवू नये. उरलेल्या पुंजीला थोडे स्थैर्य यावे म्हणून काहीजण सोन्याचा आधार घेतात, आणि ते समंजसपणाचे आहे. मात्र सरकारी सुवर्ण रोख्यांवर अडीच टक्के व्याज मिळते ही गोष्ट विसरता कामा नये. प्रत्यक्ष सोने मागे ठेवणारा सुवर्ण ईटीएफ अनेक विद्वान सशर्त मान्य करतात.

आता राहिली ती शुद्धीकरणाची बाब. चाळणी पार झालेल्या कंपनीच्या उत्पन्नातही व्याजाचा एखाद-दुसरा टक्का असतोच, आणि तेवढा अंश भागधारकाने स्वतःपाशी ठेवावयाचा नसतो. कंपनीच्या एकूण उत्पन्नात व्याज २ टक्के असेल आणि तिने तुम्हाला ५,००० रुपये लाभांश दिला असेल, तर त्यातील १०० रुपये गरजूंना द्यावयाचे. ते जकातीत, म्हणजे धर्माने आवश्यक ठरविलेल्या वार्षिक दानात, धरता येत नाहीत, आणि देताना पुण्याची अपेक्षाही ठेवावयाची नाही, कारण जे आपले नव्हतेच ते परत केल्यासारखे ते असते. समभाग प्रत्यक्ष घेणाऱ्याला हा हिशेब कंपनीच्या वार्षिक अहवालावरून करता येतो. फंडाच्या वृद्धी पर्यायात मात्र लाभांश युनिटाच्या मूल्यातच विरघळून जातो आणि गुंतवणूकदाराच्या नजरेस पडत नाही. म्हणून फंड शुद्धीकरणाचे प्रमाण प्रसिद्ध करतो काय, आणि करीत असल्यास ते केवळ लाभांशावर मोजलेले आहे की आयोफीच्या पद्धतीप्रमाणे लाभांश मिळो वा न मिळो प्रत्येक समभागामागे मोजलेले आहे, हे त्याला लेखी विचारावे. दोन फंड इतर सर्व बाबतीत सारखे उतरले, तर या प्रश्नाचे नीट उत्तर देणारा फंड मी निवडीन. ज्याने आपल्या व्यवहारातील अशुद्ध अंश मोजून ठेवला आहे, त्याने बाकीचे दप्तरही जपून ठेवले असण्याचा संभव अधिक.

जकात याहून वेगळी. ज्याची पुंजी ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी यांच्या किमतीइतकी किंवा अधिक आहे आणि जिला एक चांद्र वर्ष पूर्ण झाले आहे, त्याने तिच्यावर अडीच टक्के जकात काढावयाची असते. आपल्याकडील पुष्कळ उलेमा गरिबांचे हित अधिक साधते म्हणून चांदीचे माप धरतात. फंडाच्या युनिटांवर ती कशी काढावी याबद्दल दोन मते आहेत: चढत्या भावात विकून नफा मिळविण्याच्या हेतूने युनिटे घेतली असतील तर त्यांच्या संपूर्ण बाजारमूल्यावर, आणि दीर्घकाळ भागीदार राहण्याच्या हेतूने घेतली असतील तर कंपन्यांपाशी असलेली रोकड, विक्रीचा माल आणि येणे यांच्या प्रमाणात, म्हणजे कारखाने व यंत्रे वगळून. दुसरा हिशेब सामान्य माणसाला अवघड पडतो, म्हणून बरेचजण पहिल्यानेच जकात देतात. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे मार्चअखेरचे विवरणपत्र या कामी उपयोगी पडत नाही. रमजानमधील जी तिथी आपण जकातीसाठी ठरविली असेल, त्या दिवसाचे, आणि तो सुटीचा असल्यास त्याच्या आधीच्या कामकाजाच्या दिवसाचे, युनिटाचे मूल्य फंडाकडून अथवा म्युच्युअल फंडांच्या ‘अ‍ॅम्फी’ या संघटनेच्या दप्तरातून विनामूल्य मिळते, आणि जवळच्या युनिटांच्या संख्येने त्याला गुणले की हिशेबाची रक्कम हाती येते.